बैर-शेबा : एका स्थलनामाचे निर्वचन

धर्मग्रंथांत येणाऱ्या स्थलनामांच्या व्युत्पत्तींकडे पाहण्याची आपली विद्यापीठीय रीत आता जवळजवळ ठरून गेली आहे. शूर्पणखेची नासिका येथे कापली गेली म्हणून नाशिक, अशी कथा समोर आली की भाषाशास्त्राचा अभ्यासक तिला 'लोकव्युत्पत्ती' हे लेबल लावून बाजूस सारतो आणि दैवतशास्त्राचा अभ्यासक तिच्यामागे दडलेला एखादा प्राचीन विधी शोधू लागतो. कथा जशी सांगितली आहे तशी ती वाचण्याचे काम दोघेही टाळतात. हे काम साहित्यसमीक्षेचे आहे, परंतु ते समीक्षेनेही फारसे मनावर घेतलेले नाही. प्रस्तुत लेखात हिब्रू बायबलमधील एकाच स्थलनामाच्या आधारे हा प्रश्न उभा करावयाचा आहे. मराठी बायबलात हे नाव बैर-शेबा असे येते. 'उत्पत्ति' या पहिल्या ग्रंथात त्याचे स्पष्टीकरण दोन ठिकाणी दिलेले आहे आणि ही दोन स्पष्टीकरणे एकमेकांशी जुळत नाहीत. किंबहुना त्यांतील पहिले स्पष्टीकरण स्वतःशीही जुळत नाही. माझे म्हणणे असे की, हे न जुळणे म्हणजे संपादकाची हयगय नव्हे. नाव कोणाचे, या प्रश्नावर संहितेने घेतलेली भूमिकाच त्या न जुळण्यातून व्यक्त होते.

प्रथम शब्द पाहू. 'बेएर' म्हणजे विहीर, एवढ्यावर मतभेद नाही. मतभेद आहे तो उत्तरपदाविषयी. हिब्रूत 'शेवअ' म्हणजे सात, 'निश्बअ' म्हणजे त्याने शपथ घेतली आणि 'शेवूआ' म्हणजे शपथ. तिन्ही शब्दांची व्यंजने तीच : शीन, बेथ, अयिन. यांतील शेवटचे व्यंजन कंठाच्या खोल भागातून उच्चारले जाते आणि देवनागरीत त्याला चिन्ह नाही. त्यामुळे मराठी लिप्यंतरात एक गमतीचा घोटाळा होतो. शलमोनाच्या भेटीस आलेल्या राणीचा देश 'शबा' आणि आपल्या विहिरीचा 'शेबा' हे मराठी वाचकाला एकाच घरातले वाटतात. हिब्रूत मात्र राणीच्या देशाच्या शेवटी 'आलेफ' आहे, विहिरीच्या शेवटी 'अयिन', आणि दोघांचा काही संबंध नाही. उलट ज्यांचा संबंध आहे ती नावे मराठी वाचकाच्या ध्यानात येत नाहीत. दाविदाची बथशेबा आणि अहरोनाची पत्नी एलीशेबा या दोघींच्या नावांत हेच सात आणि हीच शपथ आहे. पूर्वपदाचेही तसेच. 'बैर' म्हणताच उत्तर भारतीय कानाला वैर ऐकू येते. हा योगायोगच, पण या विहिरीचा इतिहास पाहता तो अगदीच गैरलागू नाही.

आता पहिली कथा. 'उत्पत्ति'च्या एकविसाव्या अध्यायाच्या उत्तरार्धात गरारचा राजा अबीमलेख आपला सेनापती पीकोल याला घेऊन अब्राहामाकडे येतो आणि शपथ मागतो : माझ्याशी, माझ्या मुलानातवंडांशी कपट करणार नाहीस अशी शपथ घे. अब्राहाम लगेच होकार देतो. होकार देऊन झाल्यावर तो तक्रार काढतो की, तुझ्या चाकरांनी माझी एक विहीर बळकावली आहे. अबीमलेखाचे उत्तर सत्ताधाऱ्यांच्या उत्तरांचा उत्तम नमुना आहे. हे कोणी केले मला ठाऊक नाही, तूही मला सांगितले नाहीस, आणि आजपर्यंत मी ऐकलेही नव्हते. एका वाक्यात तीन नकार, आणि दुसऱ्या नकारात दोष तक्रारदारावरच ढकललेला. यानंतर अब्राहाम मेंढरे व गुरे देतो, दोघे करार करतात. कथा येथे संपली असती. पण अब्राहाम सात कोकऱ्या कळपातून वेगळ्या काढून उभ्या करतो. अबीमलेख विचारतो, या सात कोकऱ्या कशासाठी? अब्राहाम म्हणतो, या तू माझ्या हातून घे, म्हणजे ही विहीर मी खणली याला त्या साक्ष होतील.

येथवर वाचणाऱ्याची अपेक्षा अगदी निश्चित झालेली असते. 'सात' हा शब्द लागोपाठ तीन वचनांत तीन वेळा आलेला आहे. अबीमलेखाने वाचकाचाच प्रश्न विचारलेला आहे. आता निवेदक म्हणणार : म्हणून त्या स्थळाचे नाव सातांची विहीर. 'म्हणून' येते, नावही येते. परंतु त्यापुढचे 'कारण' वेगळेच निघते : कारण तेथे शपथ घेतली त्या दोघांनी. (हिब्रूतील हा कारणवाचक शब्द 'की' असा आहे. मराठी 'की'शी त्याचे साम्य ध्वनीपुरते, नात्याचे नव्हे.) कथा सातांची सांगितली आणि कारण शपथेचे दिले. कोकऱ्यांचा तपशील कारणात कोठेच नाही.

गेल्या शतकाच्या आरंभी हेर्मान गुंकेलने 'उत्पत्ति'वरील आपल्या भाष्यात (१९०१) अशा कथांना कारणकथा म्हटले आणि त्यांचा अभ्यास शिस्तीत आणला, हे त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. त्याच्या परंपरेतील समीक्षकांना वरील विसंगतीचे उत्तर सोपे वाटले. येथे दोन धागे एकत्र विणलेले आहेत. एका परंपरेत नावाचा अर्थ सात होता, दुसरीत शपथ, आणि संकलकाने दोन्ही ठेवले. हे असंभाव्य नाही. करार दोनदा झाल्यासारखा दिसतो, देणगी दोनदा दिली जाते, हे खरेच आहे. परंतु हे उत्तर संहिता कशी घडली एवढेच सांगते. घडल्यानंतर ती काय करते, हा प्रश्न तसाच उरतो. आपल्याकडेही महाभारताच्या थरांची चर्चा पुष्कळ झाली. तिने आपण पुष्कळ शिकलो, पण थर वेगळे काढून झाल्यावर कथा वाचायची राहून गेली, असेही झाले आहे.

मसोरा परंपरेतील हिब्रू संहिता समोर ठेवून मोजणी केली तर काय दिसते? एकविसाव्या अध्यायाच्या २२ ते ३४ या वचनांत अब्राहामाचे नाव सात वेळा येते आणि अबीमलेखाचेही सात वेळाच. 'सात' हा शब्द तीनदा, 'शपथ घेणे' हे क्रियापद तीनदा आणि बैर-शेबा हे नाव तीनदा. शब्दांची मोजदाद हा समीक्षेचा पुरावा म्हणून मी सहसा पुढे करत नाही, कारण शोधणाऱ्याला हवा तो आकडा सापडतोच. येथे मात्र मोजण्याची वस्तूच आकडा आहे. दोन्ही पक्षांची नावे समसमान वाटून दिलेली आहेत. धागे दोन असोत की चार, अंतिम हाताला ते एकत्र कसे बसवायचे याची पुरेपूर जाण होती, इतके तरी यावरून म्हणता येते.

मग त्या शेवटच्या वाक्यातील वळणाचे काय? अब्राहामाच्या कोकऱ्या ही त्याची एकट्याची कृती आहे. ती त्याच्या मालकीची साक्ष आहे : 'मी' खणली. सातांवरून नाव पडले असते तर ते नाव अब्राहामाचे मालकीपत्र झाले असते. शपथ ही मात्र एकट्याची असू शकत नाही. हिब्रू वाक्यातला शेवटचा शब्दच 'त्या दोघांनी' असा आहे. शिवाय नाव कोणी ठेवले हेही संहिता उघड करत नाही. क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी आहे, पण कर्ता दिलेला नाही. भाषांतरकार त्यामुळे 'ते नाव पडले' असे करतात आणि ते योग्यच आहे. ज्याने विहीर खणली त्याच्या तोंडी सात, आणि निवेदकाच्या तोंडी शपथ. एकाच व्यंजनसमूहात दावा आणि करार असे दोन्ही मावतात. निवेदक दावा पुसत नाही, पण नावाचे कारण म्हणून तो करारच नोंदवतो. फर्दिनां द सोस्यूरच्या मताने चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो, आणि धर्मग्रंथांतील 'म्हणून' हा त्या यादृच्छिकतेविरुद्धचा भाबडा बंडखोरपणा मानला जातो. पण येथील 'म्हणून' भाबडा नाही. नाव वस्तूपासून निघाले असे तो म्हणतच नाही. ते दोन माणसांच्या व्यवहारातून निघाले, असे तो म्हणतो. हे म्हणणे संकेतवादी सिद्धान्ताच्या विरुद्ध नसून त्याच्या बरेच जवळचे आहे.

या ठिकाणी आपल्या परंपरेतील निरुक्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. यास्क एका शब्दाची दोन-दोन, तीन-तीन निर्वचने 'वा' घालून पुढे ठेवतो आणि त्यांतून एक निवडण्याची घाई करत नाही. आधुनिक व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीवर त्यातील कित्येक निर्वचने टिकत नाहीत, म्हणून त्याला नावे ठेवली गेली. परंतु यास्काचा प्रश्न शब्द कोठून आला हा नव्हताच, हा शब्द या मंत्रात काय करतो आहे हा होता. निर्वचन आणि व्युत्पत्ती यांतला हा भेद सांभाळला तर बैर-शेबाच्या कथेलाही न्याय मिळतो. फरक इतकाच की यास्काचे 'वा' उघड आहे आणि हिब्रू निवेदकाचे 'वा' कथेत आणि कारणात विभागून लपवलेले आहे.

सात आणि शपथ यांचा संबंध केवळ हिब्रूच्या धातूपुरता नाही, हेही नोंदवले पाहिजे. हिरोडोटसने आपल्या तिसऱ्या ग्रंथात अरबांची शपथ वर्णिली आहे. दोन पक्षांच्या मध्ये सात दगड मांडतात आणि दोघांच्या हाताचे रक्त त्या दगडांना लावतात. आपल्याकडे सात पावले बरोबर चालल्याने सख्य होते ही कल्पना इतकी जुनी आहे की, अशा सख्यासाठी असलेला 'साप्तपदीन' हा शब्द पाणिनीला सूत्रात सिद्ध करावा लागला. विवाहातील सप्तपदी ही त्याच कल्पनेची एक शाखा. शपथ घेणे म्हणजे 'स्वतःला सातांनी बांधून घेणे', असा हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ जुन्या कोशकारांनी लावला. तो निर्विवाद नाही. पण मराठी वाचकाला 'सप्त' आणि 'शपथ' यांच्या कानावर पडणाऱ्या निकटतेतून हिब्रू श्लेषाची थोडीफार झुळूक मिळू शकते. मराठी भाषांतरकारांनी या संधीचा उपयोग करून घेतला असता तर, असे वाटून जाते.

दुसरी कथा सव्विसाव्या अध्यायातली. अब्राहामाचा मुलगा इसहाक त्याच गरार प्रदेशात राहतो, श्रीमंत होतो आणि त्यामुळे नकोसा होतो. बापाच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवलेल्या आहेत. इसहाक त्या पुन्हा खणतो आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना पुन्हा देतो. हे एक वचन स्थलनामाच्या कोणत्याही सिद्धान्ताला पुरून उरेल असे आहे. विहीर बुजली की नावही बुजते. पाणी पुन्हा लागले म्हणून नाव आपोआप परत येत नाही, ते पुन्हा उच्चारावे लागते. उकरणे आणि नाव घेणे अशा दोन वेगळ्या क्रिया येथे दोन वेगळ्या क्रियापदांनी सांगितलेल्या आहेत.

त्यानंतर इसहाकाचे चाकर नव्या विहिरी खणतात. पहिलीवर गरारचे गुराखी भांडतात, पाणी आमचे आहे म्हणतात. तिचे नाव एसेक, म्हणजे तंटा. दुसरीवरही तेच. तिचे नाव सितना, म्हणजे द्वेष, आणि या शब्दाचा धातू तोच जो 'सैतान' या शब्दाचा. तिसरीवर कोणी भांडत नाही, म्हणून ती रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. पाण्यासाठी झालेल्या भांडणांचा हा नकाशाच आहे. विशेष हे की, पराभवाची नावेही तशीच ठेवलेली आहेत. सोडून द्यावी लागलेली विहीर तंट्याच्या नावाने ओळखली जाते आणि ज्यांनी ती घेतली त्यांच्या पाण्यालाही हेच नाव चिकटून राहते. दुर्बळाच्या हातचे हे एकमेव हत्यार म्हणावे लागेल.

मग इसहाक बैर-शेबाला येतो. तेथे अबीमलेख पुन्हा उगवतो, सोबत पीकोल आणि अहुज्जाथ. पुन्हा करार, मेजवानी, पहाटे परस्परांना शपथ. त्याच दिवशी चाकर सांगत येतात की, पाणी लागले. इसहाक त्या विहिरीला 'शिव्आ' म्हणतो, आणि म्हणून त्या नगराचे नाव आजपर्यंत बैर-शेबा आहे, असे निवेदक सांगतो. 'शिव्आ' म्हणजे काय, हे मात्र तो सांगत नाही. शब्दरूप पाहिले तर ते सात या संख्येचे आहे. प्रसंग पाहिला तर तो शपथेचा आहे. पहिल्या कथेत कथा सातांची आणि कारण शपथेचे होते. येथे कथा शपथेची आणि शब्द सातांचा. दोन कथा एकमेकींना उलट बाजूने भेटतात. त्या एकाच कथेच्या दोन आवृत्त्या आहेत, हे मत मान्य केले तरी ही उलटापालट लक्षात घेण्याजोगी आहे. रॉबर्ट ऑल्टरने १९८१ मध्ये बायबलच्या निवेदनकलेवर लिहिताना पुनरावृत्त प्रसंगांकडे पाहण्याची जी दृष्टी दिली, तिचा उपयोग येथे होतो. पुनरावृत्तीत काय बदलले हे पाहायचे, पुनरावृत्ती का झाली एवढ्यावर थांबायचे नाही.

भाषांतरकारांचे येथे काय झाले, ही कथा मूळ कथेइतकीच उद्बोधक आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ज्याचा आरंभ झाला त्या सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात इसहाक विहिरीला 'शपथ' असे नाव देतो आणि नगर 'शपथेची विहीर' होते. सात ही संख्या नावातून साफ नाहीशी झाली. पण त्याहून चमत्कारिक गोष्ट आदल्या वचनात आहे. ग्रीक संहितेतील चाकर म्हणतात, आम्हांला पाणी लागले नाही. हिब्रूत 'त्याला' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द 'लो' असेच ऐकू येतात, फरक लेखनात आहे. 'ते त्याला म्हणाले, पाणी लागले' याचे 'ते म्हणाले, पाणी लागले नाही' झाले. चूक म्हणावी तर चूक. परंतु ग्रीक वाचकासमोर त्यामुळे एक संपूर्ण अर्थपूर्ण कथा उभी राहिली. विहीर कोरडी आहे आणि तिचे नाव शपथ आहे. पाणी नसतानाही करार टिकतो, नाव टिकते. पुढे इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने हिब्रूवरून लॅटिन भाषांतर केले तेव्हा पाणी परत आले, पण नाव पुन्हा बदलले. त्याने त्या विहिरीला 'विपुलता' म्हटले. कारण उघड आहे. हिब्रूतील 'श' आणि 'स' ही एकाच अक्षराची दोन वाचने, आणि त्यांना वेगळे करणारा बिंदू मसोरा पंडितांनी पुढे कित्येक शतकांनी दिला. बिंदू नसलेल्या संहितेत 'शिव्आ'ऐवजी तृप्ती या अर्थाचा 'सोव्आ' वाचता येतो.

म्हणजे तीन अक्षरांतून तीन नावे : सात, शपथ, तृप्ती. यांतले मूळ कोणते, असे विचारण्याचा मोह होतो. व्याकरणदृष्ट्या 'सातांची विहीर' हे सर्वांत सरळ वाचन आहे, हे मान्य करावे. परंतु संहितेने ज्या प्रश्नाला दोनदा बगल दिली त्याचे उत्तर आपण कोशातून आणून चिकटवले तर आपण कथा वाचली नाही, दुरुस्त केली, असे होईल.

ब्रेव्हर्ड चाइल्ड्सने १९६३ मध्ये 'आजपर्यंत' या सूत्राचा अभ्यास करून असे दाखवले की, हे सूत्र बहुतेक ठिकाणी मूळ कथेचा भाग नसते. हाती आलेल्या परंपरेला नंतरच्या निवेदकाने जोडलेली ती स्वतःची साक्ष असते. हा निष्कर्ष येथे लावून पाहण्यासारखा आहे. सव्विसाव्या अध्यायातील 'आजपर्यंत' हा निवेदकाचा आज आहे. त्या आजमध्ये बैर-शेबा हे नगर आहे, सीमा आहे, तीर्थ आहे. आणि या तिन्ही अंगांनी त्या नावाचे पुढे काय झाले, तेही ग्रंथातच वाचावयास मिळते.

सीमा म्हणून ते सर्वश्रुत आहे. 'दानापासून बैर-शेबापर्यंत' हा शास्ते, शमुवेल आणि राजे या ग्रंथांतील वाक्प्रचार आपल्या 'आसेतुहिमाचल' या जातीचा. इतिहासाच्या ग्रंथात तो उलटा होतो, बैर-शेबापासून दानापर्यंत. दिशा बदलली कारण निवेदकाचे केंद्र दक्षिणेला, यहूदात सरकले. न्यायाचे ठिकाण म्हणून ते एकदाच येते आणि तेही विपरीत अर्थाने. शमुवेलाने आपले दोन मुलगे बैर-शेबाला न्यायाधीश नेमले आणि त्यांनी लाच खाऊन न्याय विपरीत केला. शपथेच्या गावी! निवेदक श्लेषाकडे बोट दाखवत नाही, नुसते गावाचे नाव सांगून पुढे जातो.

तीर्थ म्हणून ते येते आमोसाच्या भविष्यवाणीत, आणि मला हा या नावाच्या प्रवासातील सर्वांत तीक्ष्ण क्षण वाटतो. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील हा संदेष्टा यहूदातल्या तकोवाचा. उत्तरेच्या राज्यात जाऊन तो लोकांना बजावतो की बेथेलला शरण जाऊ नका, गिलगालात जाऊ नका, बैर-शेबाकडे पलीकडे जाऊ नका. मग तो दोन नावांची अक्षरशः चिरफाड करतो. गिलगाल या नावातील ध्वनी घेऊन तो त्याचे निर्वासन करतो, आणि 'देवाचे घर' असा अर्थ असलेले बेथेल शून्यवत् होईल म्हणतो. स्थलनामाचे निर्वचन हे येथे शापाचे साधन झाले आहे. पण मनाई तीन स्थळांची आणि शाप दोनच स्थळांना. बैर-शेबाचे नाव तो फोडत नाही. टीकाकारांपैकी काहींनी बैर-शेबाचा उल्लेखच प्रक्षिप्त ठरवून हा तोल सावरला आहे. मला हे पटत नाही, कारण त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायाच्या अखेरीस ते राहिलेले नाव परत येते. दानाच्या देवाच्या जीविताची आणि बैर-शेबाच्या मार्गाच्या जीविताची शपथ वाहणारे पडतील आणि पुन्हा उठणार नाहीत, असे तेथे म्हटले आहे. 'शपथ वाहणारे' यासाठी हिब्रूत जो शब्द आहे तो 'निश्बअ'चेच रूप. एकाच वाक्यात शपथ आणि शपथेची विहीर, आणि दान ते बैर-शेबा हा सगळा देश. फोडायचे ते नाव संदेष्ट्याने राखून ठेवले होते. दोघांनी परस्परांना दिलेल्या शपथेचे गाव आता नुसत्या गावाचीच शपथ वाहण्यापुरते उरले आहे, हा त्याचा आरोप आहे. कारणकथेवरचे याहून कठोर भाष्य बायबलमध्ये दुसरे नसेल.

उत्खननाने या सगळ्यात काय भर घातली, याबद्दल थोडक्यात. आजच्या शहराच्या पूर्वेस असलेल्या टेकाडावर योहानान अहारोनी यांनी १९६९ ते १९७६ या काळात उत्खनन केले. तेथे तटबंदीचे आखीव नगर मिळाले, वेशीबाहेर सुमारे ६९ मीटर खोल विहीर मिळाली, आणि चार शिंगांच्या मोठ्या वेदीचे घडीव दगड कोठाराच्या भिंतीत सामान्य बांधकामासाठी वापरलेले आढळले. २००५ मध्ये हे स्थळ मगिद्दो आणि हासोर यांच्यासह जागतिक वारशाच्या यादीत गेले. वेदी कोणी मोडली यावर वाद आहेत. ही विहीर अब्राहामाची असे म्हणणे हा कथेचा आणि पुराव्याचाही अपमान आहे. मात्र ६९ मीटर हा आकडा एक गोष्ट सांगतो. अशा भूमीत 'ही विहीर मी खणली' हे वाक्य म्हणजे बढाई नव्हे.

नावावरचा वाद संपलेला नाही. अरबीत हे गाव बीर अस्-सबअ. त्यातले सबअ म्हणजे सात, पण थोड्या स्वरभेदाने सिंह किंवा हिंस्र श्वापद, आणि 'सिंहाची विहीर' असा अर्थही सांगितला जातो. चौथे निर्वचन! ऑटोमन सत्तेने १९०० मध्ये येथे नवे गाव वसवले. ऑक्टोबर १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने ते घेतले आणि तेथील अरब रहिवासी विस्थापित झाले. नंतर वसलेल्यांत कोकणातून गेलेले बेने इस्राएलही होते. पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी आडनावे घेऊन, म्हणजे सोडलेल्या गावाचे नाव अंगावर वागवीत ते या नावाच्या गावी राहायला गेले. मराठी भाषेचा बैर-शेबाशी एवढा एक खरा संबंध आहे. दुसरा भाषांतराचा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून झाले. सर्वसामान्य मराठी भाषिकांसाठी लिहिताना मूळ भाषेपर्यंत जाण्याचा हा प्रयत्न आपल्या भाषांतरविचारात अजून नीट तपासला गेलेला नाही. स्थलनामांपासून सुरुवात करता येईल. नाव तसेच ठेवले तर श्लेष जातो, भाषांतर केले तर स्थळ जाते, आणि तळटीप दिली तर कथेचा 'म्हणून' मुका होतो.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी मुद्दाम मागे ठेवली आहे. बैर-शेबा हे नाव 'उत्पत्ति'त प्रथम येते ते एकविसाव्या अध्यायाच्या ३१ व्या वचनात नव्हे, १४ व्या वचनात. अब्राहामाने पहाटे हागारेला भाकर आणि पाण्याची कातडी पिशवी देऊन मुलासह घालवून दिले आणि ती बैर-शेबाच्या रानात भटकत राहिली. नाव पडण्याच्या सतरा वचने आधीच ते नाव वापरलेले आहे. निवेदकाला पुढचे ठाऊक होते, असे म्हणून हे सोडून देता येते. पण त्या प्रसंगातही एक विहीर आहे. पिशवीतले पाणी संपते, आई मुलाला झुडपाखाली टाकून बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते, देव मुलाचा आवाज ऐकतो, तिचे डोळे उघडतात आणि तिला पाण्याची विहीर दिसते. 'बेएर' हाच शब्द. मुलाचे नाव या संपूर्ण अध्यायात कोठेही घेतलेले नाही, जरी 'देवाने ऐकले' या वाक्यात ते लपलेले आहे. इश्माएल म्हणजे 'देव ऐकतो'. आणि विहिरीलाही नाव नाही. सोळाव्या अध्यायात याच हागारेने देवाला नाव दिले होते, आणि त्यावरून तिथल्या विहिरीला बैर-लहाय-रोई हे नाव पडले होते. येथे ती काही म्हणत नाही, मुलाला पाणी पाजते.

यानंतर लगेच, त्याच अध्यायात, दोन पुरुष विहिरीच्या मालकीवर बोलू लागतात. एकजण साक्षीला सात कोकऱ्या उभ्या करतो, दोघे शपथ घेतात आणि स्थळाला नाव मिळते. शतकांनंतर एलीया प्राण वाचवण्यासाठी पळताना आपल्या चाकराला बैर-शेबात ठेवतो आणि एक दिवसाची वाट रानात चालून जातो. तोही एका झुडपाखाली मरण मागत बसतो, आणि त्यालाही देवदूत पाणी देतो. निवेदकाच्या स्मरणात त्या वेळी कोणती विहीर होती, हे संहितेत कोठेही लिहिलेले नाही.